स्टार्टरमधली वाकणारी पट्टी

पहाटे साडेपाच

मे महिना संपत आलाय. लोहाऱ्यात या दिवसांत साडेपाचलाच उजाडू लागतं आणि उकाडा तर रात्रीपासून मुक्कामालाच असतो. गजर वाजतो, उठून चहा ठेवतो. गॅसच्या लायटरला ना बॅटरी, ना वायर, ना गारगोटी. आत एका खास चिनी मातीचा बारीक तुकडा बसवलेला असतो. खटका दाबला की आतली हातोडी त्याच्यावर आदळते, तुकडा दबतो आणि त्या दाबानंच काही हजार व्होल्टचा दाब तयार होऊन ठिणगी पडते. गजराच्या घड्याळात याच्या उलट चालतं. तिथं बॅटरी स्फटिकाला वीज देते आणि तो सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. त्या थरथरीवर जगातली बहुतेक घड्याळं चालतात. पिएर आणि जाक क्युरी या भावांनी 1880 साली हा गुण पहिल्यांदा दाखवून दिला.

बाहेरून दाब, उष्णता, उजेड, पाणी किंवा वीज यांपैकी काही लागलं की आपणहून ठरलेली हालचाल करणाऱ्या पदार्थांना शास्त्रज्ञ स्मार्ट मटेरिअल म्हणतात. माझा धंदा मोटर रिवाइंडिंगचा आणि स्टार्टर दुरुस्तीचा. असल्या पदार्थांच्या जिवावर माझं घर चालतं. त्यांचं ऐकलं नाही की शेतकऱ्याचं कसं नुकसान होतं, ते मी रोज टेबलावर उघडून बघतो.

सकाळी सात

मुलगी उमरग्याला निघालीय. दातांची तार बदलायची आहे. गेल्या वेळी तिनं विचारलं होतं, “पप्पा, बर्फाचं पाणी पिलं की तार सैल पडल्यासारखी का वाटते?” तिला खरंच तसं वाटत होतं. ती तार निकेल आणि टायटॅनिअमची असते. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी 1960 च्या सुमारास हा मिश्रधातू पुढे आणला. त्याचं नाव निटिनॉल. गार असताना तो मऊ, वाकेल तसा वाकतो. ऊब मिळाली की आतली अणूंची मांडणी पालटते आणि तो घडवतानाच्या मूळ आकाराकडे ओढ घेतो. तोंडातल्या उबेनं तार मूळ आकारात यायला बघते, दात हळूहळू ओढले जातात. बर्फाच्या पाण्यानं तेवढ्यापुरती ती ढिली पडते. पूर्वीची स्टीलची तार डॉक्टरांना पुन्हा पुन्हा आवळावी लागायची, ही महिनोन्‌महिने एकसारख्या हलक्या जोरानं काम करत राहते. पोरीला हे सांगितल्यावर तिनं कुल्फीसाठी नवीन कारण शोधलं, ते सोडून द्या.

एसटी आली. मी दुकानाकडे.

सकाळी साडेआठ

शटर वर करायच्या आधीच दारात दोन मोटरी येऊन पडल्यात. एक विहिरीवरची, एक बोअरमधली पाणबुडी. पाणबुडीचा मालक रात्रीच कप्पी लावून, पाईप काढून मोटर घेऊन आलाय. अंगावरचा सदरा अजून चिखलानं भरलेला. अख्खी रात्र त्याची त्यात गेली असणार. उसाला पाणी आहे, पण चार दिवसांत मोटर खाली सोडली नाही तर ऊस वाळतो. मोटर जळणं म्हणजे नुसता दुरुस्तीचा खर्च नव्हे. तांब्याची तार, मजुरी, क्रेन, आणि वर पिकाचं मोडतंय ते वेगळंच.

“कवा देताव?” एवढंच विचारतो तो.

“आधी उघडून बघू द्या, तात्या.”

नऊ ते साडेअकरा

माझ्या दिवसातला खरा वेळ हाच. स्टेटर उघडला की वाइंडिंग सगळं सांगून टाकतं. तिन्ही फेजच्या गुंडाळ्या सारख्याच काळ्या पडल्या असतील तर मोटर जादा भारानं किंवा कमी व्होल्टेजनं तापलीय. दोन काळ्याठिक्कर आणि तिसरी नव्यासारखी तांबूस असेल तर समजायचं, एक फेज गेला आणि मोटर टू-फेजवर घरघरत राहिली. स्टार जोडणीतल्या मोटरीत हा पुरावा कधी चुकत नाही. आजच्या पाणबुडीत दोन काळ्या निघाल्या.

एक फेज गेला की तेवढंच काम करायला उरलेल्या दोघांना साधारण 1.73 पट अँपिअर ओढावे लागतात. उष्णता अँपिअरच्या वर्गानं वाढते, म्हणजे जवळजवळ तिप्पट. तारेवरचं इनॅमल असो की पाणबुडीच्या तारेचं प्लास्टिक, तिप्पट उष्णता फार वेळ सोसत नाही.

हे व्हायला नको म्हणून तर स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असते. तात्यांनी स्टार्टरही आणलाय. झाकण काढलं आणि दिसलं ते दिसलंच. रिलेच्या 95 आणि 96 नंबरच्या टोकांवर तांब्याच्या तारेचा तुकडा टाकून ती डायरेक्ट केलेली. रिले आहे जागेवर, पण तिचं बोलणं कुणाला ऐकू जाणार नाही अशी सोय केलेली.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या आयटीआयच्या पोराला मी ती रिले खोलून दाखवली. आत तीन पट्ट्या, प्रत्येक फेजला एक. पट्टी दोन वेगवेगळ्या धातूंची, एकमेकांवर घट्ट चिकटवलेली. तापली की एक धातू जास्त लांबतो, दुसरा जवळजवळ लांबतच नाही. एक बैल लांब पावलाचा आणि दुसरा आखूड पावलाचा जुंपला की गाडी जशी एका अंगाला वळते, तशी ही पट्टी वाकते. मोटरीचा करंट पट्टीभोवतीच्या तारेतून जातो. करंट वाढला की पट्टी तापते, वाकते, शेजारची सरकपट्टी ढकलते आणि 95-96 उघडतं. त्यासरशी नो-व्होल्ट कॉइलची वीज तुटते, कॉन्टॅक्टर सुटतो, मोटर बंद. कुठला प्रोग्राम नाही, कुठली चिप नाही. धातूलाच कळतं आणि धातूच करतो.

जोड पट्टीची युक्ती जुनी आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या जॉन हॅरिसन या घड्याळजीनं जहाजांवरच्या घड्याळासाठी ती वापरली, कारण थंडी-उन्हानं घड्याळ पुढं-मागं व्हायचं. न लांबणारी बाजू ज्या धातूची करतात, त्या जातीचा इन्वार हा लोखंड-निकेलचा मिश्रधातू शार्ल गियोम यांनी 1896 साली शोधला. साध्या पोलादाच्या जेमतेम दहाव्या हिश्शानं तो प्रसरण पावतो. त्या कामासाठी त्यांना 1920 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं संशोधन आज लोहारा तालुक्यातल्या शेतात, पत्र्याच्या पेटीत, खांबाला टांगलेलं आहे, हे मला नेहमी सांगावंसं वाटतं.

चांगल्या रिलेत आणखी एक जोड पट्टी असते. ती हवेच्या उष्णतेनं वाकते आणि पहिल्या तिघींना उन्हामुळं आलेलं वाकणं वजा करते. म्हणजे बेचाळीस अंशांतही रिले उगाच पडू नये याची तजवीज आत केलेली आहे. मात्र त्यालाही हद्द असते. पत्र्याची पेटी दिवसभर उघड्यावर तापत ठेवली तर आतली हवा ती हद्द ओलांडते. म्हणून पेटीवर चार पेंढ्यांचं छप्पर तरी करा, असं मी येईल त्याला सांगतो.

“तात्या, रिले का डायरेक्ट केलाव?”

“सारकी पडायली ओ. रातच्याला चार बारी उटून शिवारात जावं लागायलं. पायाखाली किरडू हाय का काय, काय दिसतंय? एक दिवस पोरानं वायर टाकून दिली.”

यावर त्यांना रागवायची माझी छाती होत नाही. रात्रपाळीच्या लाईटीत अंधारातून बांधावरून जाणं काय असतं, ते मला ठाऊक आहे. रिलेचंही खरं आहे आणि तात्यांचंही. एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, सगळ्या शिवाराच्या मोटरी एकदम चालू झाल्या की व्होल्टेज उतरतं. व्होल्टेज उतरलं की तेवढंच पाणी उपसायला मोटर जास्त करंट ओढते. पट्टी तापते, वाकते, मोटर बंद करते. ती खराब झाली म्हणून पडत नाही, वर काहीतरी बिघडलंय म्हणून पडते. त्या वरच्या बिघाडाचा इलाज शेतकऱ्याच्या हातात नाही. इलाज आहे दिवसा आणि पुऱ्या दाबाची वीज. 2017 साली सुरू झालेली सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे आणि जिथं ती नीट चालते तिथल्या मोटरी माझ्याकडे कमी येतात. माझा धंदा त्यानं घटला तरी चालेल.

तात्यांना मी दोन गोष्टी सांगितल्या. रिले ज्या अँपिअरवर लावायची ते मोटरीच्या पाटीवर लिहिलेलं असतं. विहिरीवरच्या पाच एचपीच्या मोटरीला साधारण साडेसात, पाणबुडीला त्याहून जास्त. सारखी पडते म्हणून आकडा वाढवत जायचं नाही. दुसरी गोष्ट, सोबत सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा. तो फेज गेल्यागेल्या मोटर तोडतो, पट्टी तापायची वाट बघत नाही.

एक गोष्ट मात्र रिलेला जमत नाही. बोअरचं पाणी तुटलं आणि मोटर कोरडी फिरू लागली तर करंट उलट कमी होतो. पट्टी गारच राहते. तिला करंटची उष्णता कळते, पाणी कळत नाही. या दिवसांत निम्म्या पाणबुड्या कोरड्या फिरूनच खराब होतात, त्यासाठी वेगळं ड्राय-रन संरक्षण लागतं. असा प्रत्येक पदार्थ एकाच प्रश्नाचं उत्तर देतो. कुठला प्रश्न त्याला विचारायचा, ते आपण ठरवायचं असतं.

दुपारी बारा

पोराला जुनी तार काढायला बसवून मोटरसायकलवर माकणीकडे निघालो. एका विहिरीवरच्या मोटरीचा शॉक बसतोय म्हणून फोन होता. डोळ्यांवर उन्हात काळा होणारा चष्मा. त्याच्या काचेतले रेणू अतिनील किरणांनी उलगडतात आणि उजेड शोषू लागतात, सावलीत आलं की परत मिटतात. उष्णता मात्र त्यांना मिटवायच्या बाजूला ओढते. म्हणून डिसेंबरातल्या उन्हात हा चष्मा जितका काळा होतो, तितका मे महिन्यात होत नाही. ज्या महिन्यात गरज जास्त, त्याच महिन्यात तो थोडा कमी पडतो.

शेतात पोचलो. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. आमच्या काळ्या मातीइतका प्रतिसाद देणारा पदार्थ मी दुसरा पाहिलेला नाही. बेसॉल्टच्या दगडापासून झालेली ही माती. हिच्यातलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट. त्याचे पापुद्रे इतके पातळ, की पाणी दोन पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि माती फुगते. पाणी निघून गेलं की ती आक्रसते, फाटते. मे महिन्यात वरचा भुसा भेगांत पडतो, मृगाच्या पावसानं भेगा मिटतात आणि वरची माती खाली, खालची वर होते. माणसानं औत धरायच्या आधी जमिनीनं स्वतःला नांगरलेलं असतं. घर बांधणाऱ्याला मात्र हीच माती छळते. पाया दरसाल वर-खाली होतो, भिंती तडकतात. त्यावर रुरकीच्या सेंट्रल बिल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूटनं खाली फुगीर बुंध्याचे पाइल काढले, जे हलत्या थराच्या खाली जाऊन पाय रोवतात.

शॉकचं कारणही माती होती. अर्थिंगचा रॉड पावसाळ्यात ठोकलेला. तेव्हा ओली माती त्याला घट्ट बिलगली होती. आता माती आक्रसून रॉडभोवती बोटभर फट पडलीय. रॉड हवेत उभा आहे म्हटलं तरी चालेल. मोटरीत थोडी जरी गळती झाली तरी करंटला जमिनीत जायला वाट नाही, तो मग हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो. खड्डा मोठा केला, बेंटोनाइटची पावडर पाण्यात कालवून रॉडभोवती ओतली. बेंटोनाइट म्हणजे याच जातीची माती, पण जास्त फुगणारी आणि पाणी धरून ठेवणारी. वरून पाणी घालायला प्लास्टिकचा नळ उभा ठेवला आणि मालकिणीला सांगितलं, “मावशी, आठवड्याला एक घागर हितं वतायची. झाडाला घालताव तशी.” गळतीचं वाइंडिंग मेगरवर तपासायला संध्याकाळी मोटर आणा म्हटलं. अर्थिंगनं जीव वाचतो, पण गळती थांबत नाही.

त्यांच्या पोरानं विचारलं, बाजारात ती पाणी धरून ठेवणारी पावडर मिळते ती कशी असते? दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं पुसा हायड्रोजेल काढलंय, ते याच कामाचं. आपल्या वजनाच्या शेकडो पट पाणी पिऊन ते फुगतं आणि मुळांभोवतीची माती सुकू लागली की पाणी सोडतं. एकराला एक-दोन किलो पुरतं. हलक्या, मुरमाड रानात त्याचा उपयोग जास्त. काळ्या रानाला पाणी धरायचं शिकवावं लागत नाही.

दुपारी दोन

येताना सास्तूरला एका स्टार्टरची कॉइल बदलायची होती. काम दहा मिनिटांचं. पण या गावातून जाताना मला थांबावंसं वाटतं.

30 सप्टेंबर 1993, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपलेले. 6.2 च्या आसपासचा भूकंप, जगाच्या मानानं मध्यम. तरी किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत दहा हजारांच्या घरात माणसं गेली. त्यांना धरणीनं कमी आणि भिंतींनी जास्त मारलं. दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत, पण खरं तर दोन वेगवेगळ्या भिंती, मध्ये मातीदगडाची भर. दोन्हींना जोडणारा आरपार दगड फार थोड्या ठिकाणी. वर लाकडावर मातीचं जड माळवद. हादरा बसला तशा दोन्ही भिंती एकमेकींपासून सुटल्या आणि माळवद खाली आलं.

चार वर्षांनी, सप्टेंबर 1997 मध्ये इटलीतल्या असिसी गावच्या सेंट फ्रान्सिसच्या चर्चच्या छताचा काही भाग भूकंपानं पडला. दुरुस्ती करताना तिथल्या इंजिनिअरांनी छत आणि त्रिकोणी भिंत यांच्यामध्ये माझ्या पोरीच्या दातांवर आहे त्याच जातीच्या निटिनॉलच्या तारांचे जोड बसवले. स्टील एका टक्क्याच्या आतच कायमचं ताणलं जातं. निटिनॉल सहा-आठ टक्के ताणून सोडलं तरी मूळ लांबीवर येतं. हादऱ्यात तार लांबते, भिंतीला हलू देते, धक्का पोटात घेते आणि परत जागेवर आणते.

हे वाचल्यापासून सास्तूरला आलं की माझ्या मनात एकच हिशेब चालतो. त्या रात्री इथं निटिनॉल लागणारच नव्हतं. चार-चार फुटांवर एक आरपार जोडदगड, चौकटीच्या वर सिमेंटचा एक पट्टा आणि माळवदाची माती कमी, एवढ्यानं किती भिंती उभ्या राहिल्या असत्या. पुढं जागतिक बँकेच्या मदतीनं झालेल्या पुनर्वसनात 52 गावं नव्या जागी वसली आणि बाकीच्या गावांतली घरं याच साध्या उपायांनी मजबूत करायला लोकांना शिकवलं. असल्या पदार्थांवर माझा जीव आहे. तरी भिंत बांधणारा गवंडी जोडदगड विसरला तर कुठलाही हुशार धातू त्याची भरपाई करत नाही.

दुपारी चार

दुकानात एक रसवंतीवाला फ्रिज घेऊन बसलाय. सुरूच होत नाही. कंप्रेसरला लावलेला काळा डबा काढला, आतली गोल चकती तडकलेली. बेरिअम टायटॅनेटची ही चकती गार असताना वीज सहज जाऊ देते, म्हणजे मोटर उठते. एका झटक्यात ती तापते आणि तिचा अडथळा हजारो पट वाढून सुरुवातीच्या वाइंडिंगची वीज तुटते. तिला परत गार व्हायला काही मिनिटं लागतात. म्हणून लाईट जाऊन लगेच आली की फ्रिज पाच मिनिटांनी लावा. बदलून दिली.

संध्याकाळी सहा

वळीव आला. वाऱ्यानं रस्त्यावरचे कागद उडाले, विजा चमकल्या, पाऊस मात्र चार थेंब. अर्ध्या तासात ऑटो स्विचचं एक कार्ड आलं. त्यावरची निळी चकती फुटून काळी झालेली. ती झिंक ऑक्साइडच्या बारीक कणांची. नेहमीच्या व्होल्टेजला ती वीज अडवते. विजेचा लोंढा आला की कणांमधल्या सीमा एकदम मोकळ्या होतात आणि लोंढा तिच्यातून निघून जातो, कार्ड वाचतं. फार मोठा लोंढा असला तर ती स्वतः जाते. बाकी कार्ड शाबूत होतं. मालक म्हणाला, “जळालंय ते नुसतं काढून टाका, चालतंय की तसंच.” चालतं हे खरं. पुढच्या विजेला मात्र अख्खं कार्ड जाईल. नवी चकती लावूनच दिली, ती फार महाग नसते.

पाणबुडीच्या गुंडाळ्या पोरानं निम्म्या भरल्यात. उरलेल्या मी बसून भरल्या, कारण तात्या अजून बाकावरच आहेत आणि त्यांना उद्या संध्याकाळी मोटर खाली सोडायची आहे. त्यांच्या स्टार्टरमधला वायरीचा तुकडा काढून नवी रिले बसवली.

रात्री साडेनऊ

जेवताना फोन. जोंधळ्याची भाकरी ताटात तशीच ठेवून उचलला. कास्तीकडचा एक शेतकरी, विहिरीवरची मोटर.

“दादा, मोटर उटली आन दोन मिंटात पडली. आता बटण दाबलं तरी उटंना. वायर टाकू का?”

“टाकू नका. पट्टी अजून गरम आहे, गार होईस्तोवर ती रिसेट होत नाही. पाच मिनिटं थांबा. तोवर टेस्टर घेऊन तिन्ही फेज बघा.”

फोन चालूच ठेवला. पलीकडून पावलांचा आवाज, मग पेटीचं झाकण उघडल्याचा.

“मधल्या फेजला टेस्टर पेटंना.”

“डीपीवरचा फ्यूज गेला असंल. मोटरीच्या अंगाला हात लावून बघा, किती तापलीय?”

“कोमट हाय.”

“मग वाचली. मेन बंद करा आणि लाईनमनला फोन लावा. तिसरा फेज आल्याशिवाय हिरवं बटण दाबायचं नाही.”